उभ्या गाडीचा हिशोब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एखादीने घरातल्या प्रश्नावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठ्या विषयांवर बोलणे मला जमायचे नाही. जे घरात घडले आणि त्यातून जे कळले, तेवढेच मी सांगणार आहे.

विषय आहे दारात गंजत उभ्या असलेल्या जुन्या मालमोटारीचा. ती दुरुस्त करून पुरी करावी, की विकून टाकावी? कुणी म्हणेल, हा पुरुषांचा विषय. पण ज्या दारात ती उभी असते ते दार आपण झाडतो, आणि तिच्यावर जो पैसा खर्च होतो तो घराच्याच पैशातून जातो. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

आमची गाडी टाटा-मर्सिडीज. टेल्को कंपनी १९४५ साली निघाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून ह्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. करार १९६९ साली संपला. तोपर्यंतच्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. आमची गाडी १९६७ ची. माझ्या सासऱ्यांनी ती १९७२ साली जुनी विकत घेतली. पैसे कमी पडले, तेव्हा सासूबाईंनी हातातल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या त्या पुन्हा कधी सुटल्या नाहीत.

ते दुष्काळाचे वर्ष होते. गाडीने धान्य वाहिले, कडबा वाहिला. त्याच सुमारास सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. मग हंगामात कापसाच्या खेपा मिळू लागल्या. कधी रावेर-सावद्याकडची केळी, कधी सुरतेची खेप. आपल्या गावावरून जाणारा महामार्ग, ज्याला तेव्हा ६ नंबर म्हणत आणि आता ५३ म्हणतात, त्याचा खड्डान्‌खड्डा सासऱ्यांना पाठ होता. ह्या गाडीवर माझ्या दोन नणंदांची लग्ने झाली, दिरांचे शिक्षण झाले, घरावर स्लॅब पडला. १९९८ साली ती उभी राहिली ती राहिलीच.

सासरे २०१९ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या घरच्यांनी मनावर घेतले की, वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. सकाळ-संध्याकाळ हे गाडीखाली. एक मिस्त्री ठरविला. मीही दिवा धरला, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतले. इंजिन खोलले, लायनर-पिस्टन बदलले, कमानपाटे भरले. तीन वर्षे हे चालले, तरी गाडी अर्धीच.

आता गंजाविषयी थोडे सांगते, कारण तो बाईमाणसाला लवकर समजतो. आपला बिडाचा तवा तेलाचा हात फिरवून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी तांबडा होतो. तांब्यापितळेवर डाग चढतो, पण तो वरच्यावर राहतो. लोखंडाचा गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून गंजावर नुसता रंग मारला तर आत खाणे चालूच राहते. पत्रा बदलता येतो. पण ज्या सांगाड्यावर सगळे ओझे असते त्या चासीलाच गंज लागला असेल, तर वेल्डिंगच्या ठिगळावर भरवसा ठेवून माल लादणे म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे. आमच्या चासीला मागच्या बाजूने दोन ठिकाणी भोके पडली होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. एक लाख दहा हजार रुपये भरायचे होते. मी एक वही घेतली आणि दोन पाने आखली. एका पानावर झालेला खर्च : इंजिन ६२ हजार, कमानपाटे व ब्रेक ३४ हजार, केबिनचे पत्रे ४८ हजार, वायरिंग १९ हजार, मिस्त्रीची मजुरी २३ हजार, एकूण १ लाख ८६ हजार. दुसऱ्या पानावर व्हायचा खर्च : हौदा ९५ हजार, सहा टायर १ लाख २ हजार, रंग ३५ हजार, काचा आणि बैठक १८ हजार, एकूण अडीच लाख.

घरचे म्हणाले, "एवढे घातले, आता मागे कसे फिरायचे?" भगिनींनो, आपल्या खानदेशात विहीर खणणाऱ्याला हा प्रश्न नेहमी पडतो. साठ फूट खणले आणि पाणी नाही, तर वरच्या साठ फुटांकडे पाहून पुढे खणायचे नसते. खाली पाणी आहे की नाही ते पाहायचे असते. पहिल्या पानावरचा पैसा गाडी ठेवली तरी गेला, विकली तरी गेला. ठरवायचे ते दुसऱ्या पानावरून.

आणि अडीच लाख घालून मिळणार काय? मी ह्यांच्याबरोबर आर.टी.ओ. कचेरीत जाऊन विचारून आले. भाड्याच्या मालमोटारीला आठ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तसल्या चासीला तो कोण देणार? २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे, पण ती दुचाकींना आणि माणसे बसायच्या मोटारींना, मालमोटारीला नाही. म्हणजे गाडी पुरी झाली असती तरी दारातच उभी राहिली असती.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर होती. मालक वारला की ३१ नंबरचा अर्ज भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते, आणि त्याला सगळ्या वारसांची संमती लागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवेला आणि मुलींनाही मुलांइतकाच वाटा दिला आहे. आमच्या घरी मात्र तीन वर्षे विचार चालला होता तो दोघा भावांत. दीर सुरतेला, ते फोनवर म्हणत, "बाबांची आठवण आहे, विकू नका." पैसे मात्र काही येत नव्हते.

मग आखाजीला नणंदा माहेरी आल्या, दीरही आले. जेवणे झाल्यावर मी वही सगळ्यांसमोर वाचली. भंगारवाला वजनावर ९८ हजार देत होता. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला ठेवायला हवी होती. तो १ लाख ६० हजार द्यायला तयार होता. धाकट्या नणंदेचे डोळे भरून आले. मोठी म्हणाली, "आधी आईला विचारा. सोने तिचे होते."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पोटसाठे लिधी व्हती, पोटसाठे जाऊ द्या. नातले शिकाडा." पोटासाठी घेतली होती, पोटासाठी जाऊ द्या. त्यापुढे कुणी बोलले नाही.

विकण्यापूर्वी कागद पुरे केले. हे मी मुद्दाम सांगते. उभ्या गाडीचाही कर चढत राहतो. गाडी वापरात नाही असे आधी कळवावे लागते. कायमची निकामी झालेली गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे नोंदणी रद्द करून घ्यावी. तसे न करता गाडी कुणाच्या हवाली केली, आणि तिचा नंबर भलत्याच गाडीवर चढला, तर पोलीस आपल्या दारात येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे आता नोंदणीकृत मोडणी केंद्रेही आहेत. तिथे गाडी दिली तर दाखला मिळतो, आणि तो दाखवून नवी घेताना करात सवलत मिळते. नवी गाडी घ्यायची असेल त्यांनी तिकडे जरूर चौकशी करावी.

थकलेला कर आणि दंड जाऊन दीड लाख हाती आले. मुलांनी आणि मुलींनी ते सगळे आईच्या हातावर ठेवले. सासूबाईंनी नातीची फी भरली, आणि उरलेले ४० हजार बँकेत स्वतःच्या नावावर टाकले. त्यांच्या नावाचे ते पहिलेच खाते. तसल्या पाटल्या आज करायच्या म्हटल्या तर त्या पैशात एक तोळासुद्धा येणार नाही, हेही मला सांगितले पाहिजे.

आमच्या घरचे काही दिवस फार बोलले नाहीत. गाडी जिथे उभी होती तिथे जाऊन उभे राहत. पण तीन वर्षांत हाताला आलेले काम गाडीबरोबर गेले नाही. पान्ह्यांची पेटी घरात आहे, आणि शेजारपाजारचे ट्रॅक्टर दुरुस्तीला येऊ लागले आहेत.

जुने जपूच नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या बालाजीचा रथ पाहा. तो दरवर्षी निघतो, गाव त्याला ओढते, म्हणून गाव त्याची निगाही राखते. जे वापरात आहे आणि ज्याला सांभाळायला हात आहेत, ते जरूर जपावे. पण अर्धवट उघडून ठेवलेली वस्तू ना आठवण राहते, ना उपयोगाची. मग ती गाडी असो, शिवणयंत्र असो, की पडका वाडा असो.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. दोन पानांचा हिशोब मांडा. कागद कुणाच्या नावावर आहेत ते पाहा. आणि ज्यांचे सोने, ज्यांचे श्रम त्या वस्तूत गेले आहेत, त्या बाईला निर्णयाच्या आधी विचारा, नंतर नव्हे.