दाब नेमका कुणावर येतो?



अध्यक्ष म्हणून मिळालेली ही वेळ मी एका उपेक्षित पेशीसाठी मागून घेते आहे. काचबिंदूबद्दल आपण रोज बोलतो. ते बोलणं पाऱ्याच्या मिलिमीटरमधल्या एका आकड्यापासून सुरू होतं आणि बहुधा तिथंच संपतं. 21 च्या आत असेल तर बरं, 28 असेल तर थेंब सुरू. हा दाब डोळ्यात कुणाला सोसावा लागतो, हा प्रश्न ओपीडीच्या गर्दीत मागे पडतो.

दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. दृष्टिपटलावरच्या गँग्लियन पेशींतून निघून ते डोळ्याच्या मागच्या भिंतीपाशी वळतात आणि लॅमिना क्रिब्रोसाच्या चाळणीतून बाहेर पडतात. मायलिनचं आवरण त्यांना मिळतं ते चाळणी ओलांडल्यावर. म्हणजे पुढून डोळ्याचा दाब आणि मागून मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब, या दोहोंतला फरक जिथं झेलायचा, नेमके तिथंच तंतू उघडे असतात. तिथं त्यांना सांभाळतात अ‍ॅस्ट्रोसाइट. चाळणीच्या छिद्रांना त्या आतून अस्तर लावतात, तंतूंच्या गुच्छांना वेढून राहतात, रक्तातली साखर घेऊन तंतूंना लॅक्टेट पुरवतात, साचलेलं पोटॅशियम उचलतात.

दाब वाढला की चाळणी ताणली जाते, मागे झुकते. तंतूंमधली वाहतूक इथंच अडते, हे माकडांवरच्या प्रयोगांतून 1970 च्या दशकातच दिसलं होतं. कोलॅजनच्या कडांमध्ये तंतू चिरडले जातात, असं त्याचं सरळ स्पष्टीकरण आपण शिकलो. पण उंदराच्या डोळ्यात कोलॅजनची अशी चाळणी नसतेच! तिथला सांगाडा अ‍ॅस्ट्रोसाइटचाच असतो, आणि तरीही काचबिंदूत त्याचे तंतू त्याच जागी इजा पावतात. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण त्यानं आपली नजर सांगाड्यावरून जिवंत पेशीकडे वळवली.

या पेशीला ताण कळतो. पिएझो-1, टीआरपीव्ही-4 असे ताण ओळखणारे आयन-मार्ग तिच्या पटलावर असतात. ताण आला की ती आपल्या बारीक फांद्या आखडून घेते आणि जाड होते. 2013 साली तात्याना याकोब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या डोळ्यातला दाब थोडाच वेळ वाढवून पाहिला. पेशी बदलल्या, आणि काही आठवड्यांनी पूर्ववत झाल्या. तंतू वाचले होते. या पहिल्या बदलाला आपण सरसकट रोग म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पेशीची सावरण्याची धडपड असते.

दाब हटलाच नाही, तर चित्र पालटतं. खवळलेल्या मायक्रोग्लिया पेशी तीन संदेश सोडतात: इंटरल्युकिन-1 अल्फा, टीएनएफ आणि सी-1-क्यू. त्यांच्या प्रभावाखाली अ‍ॅस्ट्रोसाइट पोषण सोडून विषारी वागू लागतात, हे बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेनं 2017 मध्ये दाखवलं. पुढे हे तिन्ही संदेश नसलेल्या उंदरांत दाब वाढवला, तर गँग्लियन पेशी बऱ्याच प्रमाणात टिकल्या. दाब तोच होता, शेजार बदलला होता.

2020 मधलं आणखी एक काम मला अस्वस्थ करतं. उंदराच्या एकाच डोळ्यात दाब वाढवला, तर अ‍ॅस्ट्रोसाइटच्या जाळ्यातून निरोगी बाजूच्या नसेतली ऊर्जा आजारी नसेकडे वळते. त्यानं आजारी नस काही काळ तगते, पण देणारी नस पुढच्या ताणापुढे दुबळी होते. माणसात हे असंच घडतं, असं म्हणायला अजून आधार नाही. तरी एका डोळ्याचा काचबिंदू घेऊन आलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्याकडे मी आता अधिक काळजीनं पाहते.

अ‍ॅस्ट्रोसाइटवर थेट काम करणारं औषध आज आपल्या हातात नाही. हातात आहे तो दाब, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे वेळ. 2002 च्या ऑक्युलर हायपरटेन्शन अभ्यासात दाब सुमारे 20 टक्क्यांनी उतरवल्यावर पाच वर्षांत काचबिंदू होण्याचं प्रमाण 9.5 वरून 4.4 टक्क्यांवर आलं. उलट, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत खोट दिसेपर्यंत गँग्लियन पेशींचा पाचवा हिस्सा किंवा अधिकही गेलेला असू शकतो. भारतातल्या लोकसंख्या-पाहण्यांत काचबिंदू असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

आणि अ‍ॅलर्जीनं डोळे चोळणारी आपली मुलं! मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने डोळ्यात पडतात, खाज थांबते, आई-वडील निश्चिंत होतात. दाब कुणीच मोजत नाही. सावरू शकणाऱ्या पेशींची उमेदीची वर्षं आपण अशी वाया घालवतो आहोत, आणि हे मला सहन होत नाही.

म्हणून आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. स्टिरॉइडचे थेंब चालू असलेल्या प्रत्येक मुलाचा दाब ठरावीक मुदतीनं मोजून कार्डावर लिहावा. आणि काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाच्या भावंडांना नावानिशी तपासणीला बोलवावं. दोन्हींवर आपण सविस्तर बोला, दुरुस्त्या सुचवा आणि मग मत द्या.