आधी तातडीचं, मग मोठं

आम्ही जुईनगरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आज एका खेळाबद्दल सांगायचंय. त्याचं नाव गो. चीनमध्ये जन्मलेला, दोन हजार वर्षांहून जुना.

पट १९ आडव्या, १९ उभ्या रेघांचा. शिकताना ९ रेघांचा पुरतो. आम्ही तो फरशीवर खडूने आखतो. काळ्या सोंगट्या म्हणून चिंचोके, पांढऱ्या म्हणून वाल. रेघा एकमेकींना छेदतात तिथे सोंगटी ठेवायची. ठेवली की हलवायची नाही. चहूबाजूंनी कोंडली गेली तर ती उचलली जाते. शेवटी जिच्या कुंपणात जास्त जागा, ती जिंकली.

बुद्धिबळ आपल्याला माहीत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने तर २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. पण तिथे राजा एकच, त्याला वाचवायचं. गोमध्ये चार कोपऱ्यांत चार भांडणं, आणि हातात खेळी एक. मग कुठे खेळायचं?

जाणते खेळाडू तीन गोष्टी बघतात. पहिली, आपला मोठा घोळका कोंडला जातोय का? जात असेल तर आधी तो सोडवा. लांबची मोकळी जागा थांबू शकते. एखाददुसरी सोंगटी अडकली असेल, तर तिच्यामागे धावू नका. दुसरी, या खेळीला समोरचीला उत्तर द्यावंच लागेल का? लागलं, तर आपलं काम होतं आणि पाळी परत आपल्याकडे येते. तिसरी, मी खेळले तर काय मिळेल, ती खेळली तर काय जाईल? मला ६ घरं मिळणार आणि ती खेळली तर माझी ४ जाणार असतील, तर त्या खेळीची किंमत ६ नाही, १० आहे.

आता गटाचं बघा. समजा, पेटीत २०,००० रुपये आहेत आणि अर्ज तीन. एकीला शिलाई मशीन हवंय, एकीला घराला रंग द्यायचाय, एकीला पेरणीचं बियाणं घ्यायचंय. मशीन महिन्याने घेतलं तरी शिवण होईल. रंग दिवाळीला देता येईल. पेरणीची वेळ गेली तर हंगाम गेला. बियाणं मागणारी कोपऱ्यात बसून हळू बोलते, म्हणून तिची निकड लहान होत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक अर्जाला एकच प्रश्न विचारा: आज दिलं नाही, तर काय जाईल? उत्तर सगळ्यांसमोर वहीत लिहा, मगच पेटी उघडा. आणि वेळ उरला, तर चिंचोके घेऊन एक डाव मांडा.