कॅल्क्युलेटर घेण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दहावीचे निकाल लागले, अकरावी आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की आमच्या शेणव्यात आणि आसपासच्या गावांत घरोघरी एक प्रश्न निघतो. पोराला कॅल्क्युलेटर कोणता घ्यायचा? वह्या, दप्तर, गणवेश यांबद्दल कुणाला विचारावं लागत नाही. हे यंत्र मात्र आईबापांनी फारसं हाताळलेलं नसतं. त्यात हे दिवस भातलावणीचे. बियाणं, खत, मजुरी यांना पैसा पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि त्यातूनच या खरेदीचे पैसे काढायचे असतात. दुकानदार म्हणतो, ‘हा घ्या, यात सगळं आहे.’ सगळं आहे म्हटल्यावर बाप जास्तीचे पैसे मोजतो. आपल्या मुलाला कशाची उणीव पडू नये, एवढंच त्याच्या मनात असतं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. माझी मोजणी मात्रांपुरती. पण गावात चार अक्षरं वाचणारा म्हणून लोक मलाही विचारतात. मग मी गणिताच्या शिक्षकांकडे बसलो, जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या, मुलांचे कॅल्क्युलेटर हातात घेऊन पाहिले. जे समजलं ते आज सांगतो.

आमच्या शेजारची एक मुलगी. अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेली. एके संध्याकाळी ती आली.

“चाचा, मामू दुबईहून येतायत. कॅल्क्युलेटर आणतो म्हणाले. ग्राफ काढणारा आणू का, विचारतायत.”

“मग तू काय सांगितलंस?”

“अजून काही नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.”

ग्राफ काढणारा म्हणजे आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर. आपण समीकरण भरायचं, की छोट्या पडद्यावर त्याची रेषा उमटते. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ साली अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आणला. १९८५ मध्ये जपानच्या कॅसिओने आलेख काढणारा आणला. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे असे कॅल्क्युलेटर अमेरिकेतल्या शाळांत घरोघरच्या वस्तू झाले. तिथे त्यांची किंमत शंभर डॉलरच्या वर असते. आपल्याकडेही हे यंत्र साध्या सायंटिफिकच्या कितीतरी पट महाग पडतं.

आता हे यंत्र आपल्या मुलीच्या कामाचं किती? याचं उत्तर दुकानात मिळणार नाही. ते प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर, सूचनांमध्ये छापलेलं असतं. आपण त्या सूचना परीक्षेच्या दिवशी वाचतो. खरेदीच्या दिवशी वाचल्या तर पैसे वाचतील.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट सूचना असते की कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिका सांगतात की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. एमएचटी-सीईटी, जेईई, नीट या प्रवेश परीक्षांतही कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं सायन्सच्या मुलाच्या परीक्षेतलं खरं यंत्र म्हणजे लॉग टेबलचं पातळ पुस्तक. नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिथम जगापुढे मांडला तो याचसाठी, की मोठा गुणाकार बेरजेवर यावा आणि भागाकार वजाबाकीवर. ते पुस्तक किरकोळ पैशांत मिळतं. पण ते बघायचा सराव नसला तर परीक्षेत पानं उलटण्यातच वेळ जातो. ज्या मुलाला दोन वर्षं कॅल्क्युलेटरची सवय लागली, त्याची खरी पंचाईत तेव्हा होते.

डिप्लोमाचं वेगळं आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकांवर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरला परवानगी असल्याचं छापलेलं असतं. अभियांत्रिकीच्या पदवीलाही साधारण हाच नियम. नॉन-प्रोग्रॅमेबल म्हणजे ज्यात आपण स्वतः आज्ञावली लिहून साठवू शकत नाही असा. आलेख काढणारे बहुतेक कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमेबल असतात. तेव्हा हौसेने आणलेलं ते महागडं यंत्र परीक्षेच्या दिवशी दाराशीच ठेवावं लागेल, आणि मूल रिकाम्या हाताने आत जाईल. गेट परीक्षेत तर संगणकाच्या पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो, खिशातला चालत नाही. सीए करणाऱ्यांना साधा, बारा आकडी कॅल्क्युलेटर लागतो, सायंटिफिक नव्हे. प्रत्येक वाटेचा नियम असा निराळा.

मग आलेख काढणारा कॅल्क्युलेटर घ्यावा तरी कुणी? मुंबई-पुण्यातल्या ज्या शाळांत आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, तिथल्या गणिताला तो लागतोच. तिथे शाळाच मॉडेल सांगते. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही तो बारावीपर्यंत लागत आला आहे. पण तिथेही वारं बदलतंय. कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा आता संगणकावर होते आणि आलेख काढायची सोय त्या पडद्यावरच दिलेली असते. तेव्हा कुणी नातेवाईक ‘आमच्या मुलाचा जुना देतो’ म्हणाला, तर प्रेमाने घ्यावा, पण परीक्षेच्या भरवशावर घेऊ नये.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनी सायंटिफिक घ्यावा. आमच्याकडची मुलं आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याला शिकायला जातात. त्यांच्या दप्तरात बहुधा कॅसिओचं एफएक्स-८२एमएस किंवा एफएक्स-९९१ यांपैकी एखादं मॉडेल दिसतं. ८२एमएस स्वस्त. साइन, कॉस, लॉग, घात, वर्गमूळ, सरासरी एवढं सगळं करतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं त्यावर निभतं. ९९१ मालिकेतले समीकरणं सोडवतात, मॅट्रिक्स आणि काल्पनिक संख्या हाताळतात. इंजिनिअरिंगच्या पदवीला ते उपयोगी पडतात. ९९१ईएस प्लसमध्ये आणखी एक सोय आहे, ती म्हणजे टेबल. आपण सूत्र भरायचं, कुठून कुठपर्यंत आणि किती अंतराने ते सांगायचं, की तो किमतींचा तक्ता देतो. तो तक्ता आलेख कागदावर मांडला की आलेख तयार. म्हणजे आलेख काढण्यातलं कंटाळवाणं काम यंत्र करतं आणि समजून घेण्याचं काम मुलाकडे राहतं.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी करून पाहा. दोन अधिक तीन गुणिले चार दाबा. सायंटिफिकने चौदा सांगायला हवेत, कारण गुणाकार आधी. साध्या कॅल्क्युलेटरवर बहुधा वीस येतात. दुसरं, साइन ३० दाबा. उत्तर ०.५ आलं तर यंत्र अंशांवर आहे. उणे ०.९८८ आलं तर ते रेडियनवर आहे. यंत्र बिघडलेलं नसतं, फक्त मोड बदलायचा असतो. एवढ्या एका बटणापायी पूर्ण सोडवलेलं उदाहरण चुकतं, म्हणून परीक्षेला बसल्यावर आधी हेच तपासावं. तिसरं, पक्कं बिल आणि गॅरंटी कार्ड मागा. बाजारात हुबेहूब दिसणारा नकली मालही असतो.

साइनवरून एक गंमत सांगतो. मुलं या शब्दाला परका समजून घाबरतात. तो आपल्याच अंगणातून गेलेला आहे. आपल्या जुन्या गणितज्ञांनी धनुष्याच्या दोरीवरून ‘ज्या’, ‘जीवा’ असे शब्द वापरले. ते गणित अरबीत गेलं तेव्हा शब्दाचं ‘जीबा’ झालं. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहायची सहसा रीत नाही, म्हणून तोच शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी. आपण खिशाला जेब म्हणतो तो हाच शब्द. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीला ‘सायनस’ म्हटलं आणि त्याचं पुढे साइन झालं. संस्कृत, अरबी, लॅटिन असा फिरून आलेला शब्द आता शेणव्याच्या पोरीच्या दप्तरातल्या बटणावर बसला आहे.

आता आलेखाकडे येतो. यंत्र घेतलं नाही म्हणून मुलाला आलेख बघायला मिळू नये, असं मुळीच नाही. जिओजिब्रा हे अ‍ॅप मोफत आहे. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यार्थी असताना २००१ च्या सुमारास ते सुरू केलं. डेसमॉस हे दुसरं, तेही विद्यार्थ्यांना मोफत. महागड्या कॅल्क्युलेटरचा इवलासा पडदा जे दाखवतो, ते घरातल्या साध्या स्मार्टफोनवर मोठं आणि रंगीत दिसतं. शहापूरला आलात तेव्हा अ‍ॅप उतरवून घ्या. मग डोळखांबच्या बाजूला रेंज गेली तरी आलेख काढता येतो. फोन परीक्षेत चालत नाही, पण अभ्यासाला भरपूर चालतो.

मात्र एक पथ्य. पहिले पाच-दहा आलेख मुलाने हातानेच काढावेत. का, ते सांगतो. यंत्राच्या किंवा अ‍ॅपच्या पडद्यावर दोन्ही अक्ष उणे दहा ते दहा असे ठेवले आणि ‘क्षचा वर्ग अधिक वीस’ हा आलेख मागितला, तर पडदा कोरा राहतो. मूल म्हणतं, बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं. हा आलेख वीसच्या खाली येतच नाही, त्यामुळे दहापर्यंतच्या खिडकीतून तो दिसणार कसा? ज्याने कागदावर दोन-चार बिंदू मांडलेले असतात, त्याला खिडकी कुठे सरकवायची ते कळतं.

दहावीच्या मुलासाठी घरचंच उदाहरण घ्या. एक टेम्पोवाला दोनशे रुपये ठरावीक आणि किलोमीटरला दहा घेतो. दुसरा शंभर ठरावीक आणि किलोमीटरला पंधरा. दोन्हींच्या रेषा कागदावर काढा. त्या वीस किलोमीटरवर, चारशे रुपयांना, एकमेकींना छेदतात. त्याच्या आत दुसरा स्वस्त, त्याच्या पुढे पहिला. भाजी बाजाराला नेणाऱ्या बापाला हा आलेख न सांगता समजतो. पोराला वाटतं, गणित पुस्तकातलं आहे. बापाला ते रोज करावं लागतं.

आणि आमच्या तालुक्याचा म्हणून एक आलेख आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रं मुंबईच्या सात तलावांतला साठा रोज छापतात. सातांची मिळून क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातली सुमारे ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसाची. आणि भातसा आमच्या शहापुरात. मुलांनी दर आठवड्याचा भातसाचा आकडा आलेख कागदावर मांडावा. जुलैत रेषा चढू लागेल, पावसाळा सरता सरता माथ्यावर जाईल, मग महिन्यामागून महिना उतरत मे महिन्यात तळाशी येईल. त्याच कागदावर, आपल्या पाड्यावर पाण्याचा टँकर कोणत्या आठवड्यात आला तेही टिंबांनी दाखवावं. धरण ज्यांच्या उशाशी, त्यांच्या घागरी का रिकाम्या, हा प्रश्न मग भाषणात विचारावा लागणार नाही. मूल तो आकड्यांनिशी विचारील. आलेख शिकायचा तो यासाठी. यंत्र कोणतं होतं, हे पुढे कुणी विचारत नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की प्रश्नपत्रिकेवरची सूचना स्वतः वाच आणि ठरव. तिने मामूंना कळवलं, ‘या खेपेला काही आणू नका. बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले तर बघू.’ लॉग टेबल तिने शहापुरातून आणलं.

शेवटी एक विनंती शाळा-कॉलेजांना आणि पुढे गेलेल्या मुलांना. सायंटिफिक कॅल्क्युलेटर जपून वापरला तर कितीतरी वर्षं टिकतो. शिक्षण संपल्यावर तो कपाटात पडून राहतो. असे दहा-बारा कॅल्क्युलेटर गावच्या वाचनालयात जमा झाले, तर पुस्तकासारखे सहीवर देता येतील. ज्या मुलाच्या बापाला यंदा खताचे पैसे जुळवतानाच घाम फुटला, त्याचं पहिलं सेमिस्टर तरी निभेल. आपल्या घरात एखादा पडून असेल तर आजच काढा, सेल बदलून पाहा, आणि साइन ३० दाबा. ०.५ आलं तर तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.