कॉनिक हिल : एक ठेंगणा डोंगर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशप्रवास करून आलेल्या मनुष्याकडून श्रोत्यांच्या काही ठरीव अपेक्षा असतात. त्याने लंडनच्या घड्याळाविषयी बोलावे, पॅरिसच्या मनोऱ्याविषयी बोलावे, आणि तेथील टापटिपीची स्तुती करून श्रोत्यांची कानउघाडणी करावी, असा प्रघात आहे. कार्यकारिणीची आज्ञा झाली तेव्हा आम्ही स्पष्टच सांगितले की आम्ही बोलू ते एका डोंगराविषयी. डोंगराचे नाव कॉनिक हिल, मुक्काम स्कॉटलंड, उंची समुद्रसपाटीपासून ३६१ मीटर. हा आकडा ऐकून सचिवांच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो समजण्यासारखा होता. आपले डेहराडून सुमारे ६४० मीटरांवर वसलेले आहे. म्हणजे त्या डोंगराच्या माथ्यावर उभा राहिलेला मनुष्य, आपण आता ज्या सतरंज्यांवर बसलो आहोत त्यांच्या पावणेतीनशे मीटर खालीच असतो. मसुरीकडे तर त्याने मान वर करून पाहूही नये!

आमची कन्या व जावई ग्लासगोस असतात. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. परदेशगमनासाठी लागणाऱ्या ‘ना हरकत’ कागदाची चढण कोणत्याही डोंगराहून खडी असते, हे केंद्र सरकारच्या सेवेतील श्रोत्यांना सांगणे नलगे. ग्लासगोहून मोटारीने सुमारे तासाभरात बालमाहा नावाचे चिमुकले गाव लागते. गाव लॉख लोमंडच्या पूर्व काठावर आहे आणि त्याच्या पाठीशीच कॉनिक हिल उभा आहे.

‘लॉख’ म्हणजे सरोवर. इंग्रज मनुष्य याचा उच्चार ‘लॉक’ असा करतो आणि स्कॉटिश मनुष्याला ते रुचत नाही. घशातून निघणारा तो खरखरीत वर्ण आपल्या ‘ख’ला पुष्कळच जवळचा आहे, त्यामुळे तेथील एका वृद्ध गृहस्थाने आमच्या उच्चाराला शाबासकी दिली. इंग्रजी बोलताना आयुष्यात मिळालेली आमची ही पहिलीच शाबासकी होय. हे सरोवर ग्रेट ब्रिटनच्या बेटावर क्षेत्रफळाने सर्वांत मोठे आहे : सुमारे ७१ चौरस किलोमीटर. लांबी सुमारे ३६ किलोमीटर. दक्षिणेकडे ते ऐसपैस पसरलेले, उथळ आणि बेटांनी भरलेले आहे. उत्तरेकडे मात्र डोंगरांच्या चिमट्यात सापडून एखाद्या नदीसारखे अरुंद होते, आणि तेथेच त्याची खोली सुमारे १९० मीटरांपर्यंत जाते. एकाच सरोवराची ही दोन रूपे का, याचे उत्तर कॉनिक हिलच्या पोटात आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर, भूशास्त्राशी आमचा संबंध वाचनापुरता. परंतु या डोंगरावर भूशास्त्र पायांखालीच येते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेच्या स्टोनहेवनपर्यंत जमिनीत एक प्रचंड विभंग गेलेला आहे. त्याला ‘हायलँड बाउंडरी फॉल्ट’ म्हणतात. सुमारे चाळीस कोटी वर्षांमागे येथे दोन वेगळ्या भूखंडपट्ट्या एकमेकांना भिडल्या. विभंगाच्या उत्तरेस कठीण, घडी पडलेले, चकाकणारे जुने खडक म्हणजे हायलँड्स. दक्षिणेस मऊ तांबडा वालुकाश्म म्हणजे लोलँड्स. हिमयुगातील हिमनदी उत्तरेकडून उतरली ती कठीण खडकांत अडकून खोल कोरत आली, आणि मऊ प्रदेशात पोहोचताच आडवी पसरली. तिच्या मागे राहिलेला ठसा म्हणजे हे सरोवर. कॉनिक हिल त्या विभंगावरच बसलेला आहे. वाटेवरचा पिंडाश्म पाहावा : नदीने गोल केलेले गोटे एकमेकांत घट्ट चिकटून बसलेले, जणू शेंगदाण्याची चिक्कीच. आपल्याकडे राजपूरहून मसुरीचा घाट जेथे सुरू होतो तेथूनही हिमालयाचा असाच एक सीमाविभंग जातो. तो जागा आहे, आणि तिकडचा जवळजवळ निद्रिस्त आहे, इतकाच काय तो फरक. आपण रोज त्याच्यावरून बसने जातो आणि खिडकीतून भुट्टेवाल्याकडे पाहतो.

चढणीचे वर्णन फार लांबवण्यासारखे नाही. बालमाहाच्या वाहनतळामागून वाट झाडीत शिरते. आरंभी सावली आणि ओल, मग एक फाटक, मग दगडी पायऱ्यांची खडी चढण. माणसांच्या पायांनी हा डोंगर इतका झिजला की वाट ठिकठिकाणी दगडांनी बांधून काढावी लागली. झाडी संपली की उघड्या उतारावर नेच्यांची हिरवी दाटी, मध्ये मध्ये मेंढ्या, आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस. तो दहा मिनिटे पडतो, दहा मिनिटे थांबतो, आणि तेथील लोक त्याची दखलही घेत नाहीत. दखल घेण्याजोगा प्राणी म्हणजे ‘मिज’ नावाची चिलटे. वारा थांबला रे थांबला की ती कानात शिरतात. सौभाग्यवतींनी पदराने डोके घट्ट गुंडाळून घेतले आणि त्या सर्वांच्या पुढे निघून गेल्या.

ही वाट १९८० साली अधिकृतपणे खुल्या झालेल्या वेस्ट हायलँड वे नावाच्या पदयात्रामार्गाचा भाग आहे. ग्लासगोजवळच्या मिलगाय गावापासून फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर चालत जाणारे लोक पाठीवर बिऱ्हाड घेऊन समोरून उतरत होते. (गावाच्या नावाची अक्षरे ‘मिलन्गावी’ अशी आहेत, उच्चार मात्र ‘मिलगाय’. नावांच्या बाबतीत हा देश असाच आहे.) विशेष म्हणजे, निम्म्याहून अधिक मंडळी यात्रेकरू नव्हती. रविवार होता म्हणून आजी, नातवंडे, कुत्री, डबे घेऊन ती आली होती. आम्ही सह्याद्रीच्या कुशीत वाढलेले. डोंगर म्हटला की वर किल्ला हवा, निदान देवीचे ठाणे तरी हवे, अशी आमची समजूत. येथे माथ्यावर तट नाही, बुरूज नाही, नारळ फोडायला दगडसुद्धा नाही. केवळ डोंगर आहे म्हणून चढायचे, ही कल्पना पचायला आम्हांस अर्धी चढण लागली.

अर्ध्या चढणीवर एक खिंड लागते. नकाशात तिचे नाव ‘ब्यालख आर्ड’. आमच्या सात वर्षांच्या नातवाने विचारले, ‘‘आजोबा, याचा अर्थ काय?’’ जावयांनी सांगितले की ‘ब्यालख’ म्हणजे खिंड, ‘आर्ड’ म्हणजे उंच. भाषा गेलिक. मग नातवाने प्रत्येक नावाचा अर्थ विचारण्याचा सपाटाच लावला. ‘बेन’ म्हणजे पर्वत. बेटांच्या नावांतील ‘इंच’ म्हणजे बेटच, फूटपट्टीवरच्या इंचाशी त्याचा संबंध नाही. आणि ‘कॉनिक’? इंग्रजी जाणणारा कोणीही म्हणेल, शंकूच्या आकाराचा तो कॉनिक. परंतु नावांचे अभ्यासक सांगतात की हा शब्द गेलिकमधील शेवाळवाचक शब्दापासून आला आहे. नातवाला मराठी कळते. उत्तर मात्र तो इंग्रजीत देतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल, अधिक काय सांगावे! पण येथे त्याने थांबून विचारले, ‘‘मराठीत काय म्हणायचं?’’ आम्ही म्हणालो, ‘‘शेवाळ.’’ त्याने तो शब्द चार वेळा घोळला, ‘ळ’पाशी अडखळला, आणि मग साऱ्या डोंगराला ‘शेवाळ्या’ म्हणू लागला.

खिंडीतून सरोवर प्रथम दिसते, आणि डोंगराच्या धारेवर चढत जावे तसतसे ते उलगडते. धारेवरून नैर्ऋत्येस पाहिले की इंचकॅलख, टॉरिंच, क्रिंच आणि इंचमरिन ही चार बेटे एका रेषेत मांडल्यासारखी दिसतात. तीच विभंगाची रेषा. डोंगराची धार पाण्यात बुडते आणि चार ठिकाणी पाठ वर काढते. पुस्तकात चार पाने वाचून जे ध्यानी येत नाही ते येथे नजरेच्या एका फेरीत उमगते.

बालमाहासमोरचे पहिले बेट इंचकॅलख, म्हणजे म्हातारीचे किंवा जोगिणीचे बेट. केंटिगर्ना नावाची आयर्लंडची एक राजकन्या येथे विरक्त होऊन राहिली आणि ७३३ साली निवर्तली, अशी परंपरा आहे. पुढे तेथे चर्च झाले, आणि काठावरचे लोक प्रार्थनेला होडीने जात. त्याच बेटावरील स्मशानभूमीत मॅकग्रेगर कुळातील लोक पुरलेले आहेत. या कुळाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १६०३ साली सहाव्या जेम्स राजाने ‘मॅकग्रेगर’ हे नाव धारण करण्यासच बंदी घातली. मनुष्याला हद्दपार करतात, मालमत्ता जप्त करतात, हे आपण वाचलेले आहे. येथे आडनाव जप्त झाले. लोकांनी दुसऱ्यांची नावे घेतली. याच सरोवराच्या पूर्व काठी वावरलेला सुप्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर कॅम्बेल हे नाव लावीत असे. बंदी कायमची उठली ती १७७४ साली. इतक्या अवधीत पाच-सहा पिढ्या होतात, आणि तरीही बंदी उठल्यावर नाव पुन्हा घेणारे लोक शिल्लक होते.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. तिच्यावर या काठावर राजाज्ञा लागलीच असे नव्हे. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीच्या केल्या, त्यात गेलिकसाठी जागाच ठेवली नाही. पोटापाण्याला ग्लासगोकडे गेलेली माणसे इंग्रजी घेऊन परतली, किंवा परतलीच नाहीत. १८९१ च्या शिरगणतीत गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ मध्ये सुमारे ५७ हजार उरले. लॉख लोमंडच्या काठी आज ती भाषा डोंगरांना, बेटांना आणि खिंडींना ठाऊक आहे, दारातल्या माणसाला बहुधा नाही. पाटीवरचे नाव तो रोज वाचतो आणि त्याचा अर्थ पुस्तकात पाहतो. असे असूनही, भाषा थोडीफार जाणणाऱ्यांची संख्या २०११ मध्ये ८७ हजार होती ती २०२२ मध्ये १ लाख ३० हजारांवर गेली. ग्लासगोत २००६ पासून गेलिक माध्यमाची स्वतंत्र शाळा आहे, आणि तेथे येणारी पुष्कळ मुले घरी इंग्रजी बोलणारी आहेत. गतवर्षी आपल्या मंडळात रविवारचा मराठी वर्ग चालू ठेवावा की सहाच मुले येतात म्हणून बंद करून ती खोली भाड्याने द्यावी, यावर जी दीर्घ चर्चा झाली, ती ऐकत असताना आम्हांस ही शाळा आठवत होती. त्या बैठकीत आम्ही खोलीच्या बाजूने मत दिले नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

माथ्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. उत्तरेला बेन लोमंड ढगात होता. त्याची उंची ९७४ मीटर. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी तीन हजार फुटांवरील स्कॉटिश पर्वतांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हापासून त्या पर्वतांना ‘मन्रो’ म्हणतात. आजच्या यादीत ते २८२ आहेत, आणि सारे सर करण्याचा ध्यास घेतलेली माणसे गावोगाव भेटतात. कॉनिक हिलला त्या यादीच्या जवळपासही स्थान नाही. पण बेन लोमंडच्या माथ्यावर त्या दिवशी ढगाखेरीज काही दिसले नसते, आणि आम्हांस पायथ्यापासून सरोवराच्या टोकापर्यंत सारे दिसत होते. दशम्या आणि लसणाची चटणी निघाली. शेजारी बसलेल्या एका कुटुंबाने चटणी चाखली, आणि नंतर पाणी मागितले.

उतरताना गुडघे बोलू लागले. जावयांनी वाटेत सांगितले की २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक सर्व जमिनीवरून, मग ती कोणा खाजगी मालकाची असो, जबाबदारीने पायी जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फाटक उघडले तर लावून घ्यावे, मेंढ्यांना बुजवू नये, कचरा परत न्यावा, अशा त्याच्या अटी आहेत. नातवाने प्रत्येक फाटक स्वतः लावले. एक तर दुसऱ्यांनी लावलेले होते ते उघडून पुन्हा लावले.

बालमाहात पाण्याजवळ टॉम वीअर यांचा पुतळा आहे : डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी, पायांत चालण्याचे बूट. हे गिर्यारोहक, लेखक आणि दूरदर्शनवर स्कॉटलंडच्या पायवाटा दाखवणारे लोकप्रिय गृहस्थ. जन्म १९१४, निधन २००६. आपल्याला यांच्याविषयी अगत्य वाटावे असे एक कारण आहे. १९५० साली चार स्कॉटिश गिर्यारोहकांची जी मोहीम गढवाल-कुमाऊंच्या हिमालयात आली, त्या चौघांपैकी हे एक. म्हणजे आपल्या दारावरची शिखरे यांनी आपल्यापैकी बहुतेकांच्या आधी पाहिली होती. हिमालय पाहून गेलेला हा मनुष्य लॉख लोमंडच्या दक्षिणेस गार्टोहार्न गावी राहिला, आणि गावाशेजारची डंक्राइन नावाची १४२ मीटरांची टेकडी वर्षानुवर्षे जवळजवळ रोज चढत असे. तिच्यावरून दिसणारे सरोवर त्यांना फार प्रिय होते. आम्ही पुतळ्यापाशी पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, आणि जून असल्याने ऊन अजून पाण्यावर होते. नातवाने पुतळ्याच्या बुटांना हात लावून पाहिला आणि ‘शेवाळ्या’वर उद्या पुन्हा जायचे का, असे विचारले. ते त्याने मराठीत विचारले.