उपचार अर्धवट सुटू नये म्हणून

(औरंगपुरा येथील आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगावरील भाषण डॉक्टरांनी करावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चात गेले. परंतु रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट डॉक्टरांच्याही आधी दिसते, ती म्हणजे आज कोण आले नाही. केमोथेरपीच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. तीन तारखांसमोर सह्या असतात आणि चौथ्या तारखेसमोरची जागा कोरी राहते. डॉक्टर समोर बसलेल्या रुग्णाला तपासतात. न आलेला रुग्ण केवळ वहीत दिसतो. आज मला त्या कोऱ्या जागेविषयीच बोलावयाचे आहे.

अशा घरी आमच्या कार्यालयातून दूरध्वनी केला जातो. मिळणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. ‘बापूच्या तोंडातून पाणीसुद्धा उतरत नाही.’ ‘मायला उलट्यांनी त्राणच राहिलं नाही, आता थोडं बरं वाटू द्या, मग आणतो.’ ‘सोयाबीन काढणीला आलंय, सोबत यायला माणूस नाही.’ ‘घरात लग्न आहे आणि डोक्यावर केस नाहीत, चार लोकांत कशी येऊ?’ रोग वाढला म्हणून आलो नाही, असे सांगणारा क्वचितच भेटतो. माणसे थांबतात ती उपचाराच्या त्रासामुळे, भाड्याच्या पैशांमुळे आणि लाजेमुळे. या तिन्ही गोष्टी रोगापेक्षा लहान आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. म्हणूनच ती कोरी जागा मनाला लागते.

उलटीचेच पाहा. केमोथेरपी म्हणजे बादली जवळ घेऊन काढलेले दिवस, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे आणि एके काळी ते खरेही होते. परंतु १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे आली आणि हे चित्र पुष्कळ पालटले. अडचण अशी की काही औषधांची मळमळ त्या दिवशी होत नाही. ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत गाठते. रुग्ण घरी गेलेला असतो, बरे वाटत आहे म्हणून गोळी घेत नाही आणि तिसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेनासे होते. गोळी उलटी झाल्यावर घ्यावयाची नसते, ती होऊ नये म्हणून चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळी घ्यावयाची असते. एवढे एक वाक्य घरच्यांच्या मनावर नीट ठसले, तर वहीतील किती तरी जागा भरतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता मुखाच्या कर्करोगाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या मराठवाड्यात तंबाखूची चंची आणि गुटख्याची पुडी घरोघर पोहोचलेली आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती पुडी आजही कोठे कोठे मिळते, हे आपण सारे जाणता आणि त्यावर मी अधिक बोलत नाही. या रोगात किरणोपचार बहुधा आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलल्यासारखे होते, लाळ चिकट होते, चव जाते. नेमक्या याच वेळी घरचे म्हणतात, ‘आठ दिवस सुटी घेऊ, तोंड बरे होऊ दे.’ ही सुटी फार महाग पडते. तोंड आणि मान यांच्या कर्करोगात मध्येच खंड पडला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक टक्क्याने उतरते, असे तज्ज्ञ सांगतात. हिशेबाच्या भाषेत हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज आहे.

म्हणून तयारी आधीपासून करावी. उपचार सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवून किडलेले दात काढून घ्यावेत. किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याची जखम भरत नाही आणि हाड खराब होऊ शकते. लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात लहान चमचाभर मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. ठेचा, लोणचे आणि कडक भाकरी काही महिन्यांसाठी बाजूला ठेवावी. ज्वारीच्या कण्या, मुगाची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, अंडे हे सारे चालते. मानेच्या कातडीवर आपल्या मनाने हळद, तेल किंवा पावडर लावू नये आणि किरणांसाठी काढलेल्या खुणा पुसू नयेत. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा, दुखले तरी करावा, कारण आखडलेला जबडा पुढे सहजासहजी मोकळा होत नाही.

आणि नाकातील नळी! नळी घाला असे डॉक्टरांनी म्हटले की घरात रडारड सुरू होते, जणू आता सारे संपले. प्रत्यक्षात ही नळी म्हणजे पावसाळ्यातील तात्पुरता पूल आहे. तोंडाने खाणे अशक्य झालेल्या आठवड्यांत ती अन्न पोहोचवते, वजन टिकवते आणि गिळता येऊ लागले की बहुतेकांची निघते. तिला नकार देऊन दहा किलो वजन घटवून बसलेला रुग्ण पुढचे उपचार घेण्याच्या स्थितीतच उरत नाही.

श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी आपल्या सुपारी-तंबाखूच्या सवयीविषयी जाहीर सभांतून मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि २०१४ पर्यंत त्या पदावर होते. राजकारण ज्याचे त्याचे. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की उपचार पूर्ण झाल्यावर बोलण्याचाच व्यवसाय असलेला माणूसही पुन्हा आपल्या कामाला लागू शकतो. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे काम १९८६ पासून उभे करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. कर्करोग शरीरात असताना त्यांनी इतरांची व्यसने सोडविण्याचे काम चालू ठेवले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. रोग बरा होणे ही एक गोष्ट आणि रोगासह जगलेले दिवस आपले असणे ही दुसरी. दोन्हींना मोल आहे.

तापाबद्दल मात्र मी कठोरपणे सांगतो. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो साधा ताप नव्हे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णाला रुग्णालयात आणा. शंभर-सव्वाशे रुपयांचा तापमापक घरात नसल्यामुळे जीव धोक्यात येतो, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आहाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. रुग्ण दाखल झाला की नातेवाईक येथून चार पावलांवर असलेल्या औरंगपुऱ्यातील बाजारात जातात आणि किवी, ड्रॅगन फ्रूट अशी महागडी फळे घेऊन येतात. त्यामागील माया मला समजते. पण त्याच पैशांत आठवडाभराची अंडी, शेंगदाणे, मूग आणि दूध येते आणि झिजलेल्या शरीराला त्याची गरज अधिक असते. पेशी कमी असताना कच्ची व कापून ठेवलेली फळे तर टाळलेलीच बरी.

असाच दुसरा मोह सदाफुलीचा. अंगणातील या झाडापासून कर्करोगाची औषधे निघतात, हे खरे आहे. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही दोन्ही त्यातूनच मिळाली. परंतु ती अत्यंत अल्प प्रमाणात निघतात, शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून दिली जातात आणि तरीही हातापायांना मुंग्या आणतात. पाने वाटून पाजणे म्हणजे न मोजलेले विष पाजणे होय. ज्यांना हे कोणी ‘जुने आयुर्वेद’ म्हणून विकले असेल, त्यांनी निदान आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे. आमचे डॉक्टर रागावणार नाहीत, याची जबाबदारी मी घेतो.

वेदनेविषयी बोलताना आवाज खाली जातो, कारण मॉर्फिनचे नाव घेताच नातेवाईकांना व्यसन आठवते. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते. २०१४ साली त्यात सुधारणा झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी मार्ग सुकर झाला. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने सहसा व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून पोट साफ करणारे औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. जो रात्री झोपू शकतो, तोच सकाळी उपचाराला निघू शकतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत रुग्णाला रोगाचे नाव सांगितलेले नसते. ‘साधी गाठ आहे म्हणा, सायब,’ अशी विनंती मला बिलाच्या खिडकीवरही केली जाते. या विनंतीचा मी अनादर करीत नाही. तथापि ज्याला साधी गाठ आहे असे सांगितले, त्याने साध्या गाठीसाठी केस, चव आणि सहा महिने का द्यावेत? तो घरी राहतो आणि त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच असते. किती सांगावे, कोणी सांगावे, हे डॉक्टरांशी बसून ठरवावे. पण रुग्णाचा आजार त्याच्या पाठीमागे चालवू नये.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशांकडे येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करतात. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व आता महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा भार उचलते. किरणोपचारासाठी पूर्वी पुष्कळांना देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागे. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून ती सोय शहरात आहे. ज्यांना तरीही मुंबईस जावे लागते, त्यांच्यासाठी रेल्वेच्या स्लीपर व एसी थ्री-टियर वर्गांत रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा अर्ज आमच्या कार्यालयातून भरून मिळतो.

एवढे असूनही काय उरते? सिल्लोड, कन्नड किंवा अंबडहून आलेल्या कुटुंबाचा शहरातील दीड महिन्याचा मुक्काम उरतो. सोबत्याची बुडालेली मजुरी उरते. नळीतून देण्याचे दूध, तापमापक, डोक्याला बांधण्याचा रुमाल, रात्रीची रिक्षा उरते. कोणत्याही योजनेच्या यादीत हे नाही आणि उपचार सुटतो तो नेमका येथेच. गाडगे महाराजांनी रुग्णालयापेक्षा धर्मशाळा अधिक बांधल्या, याचा अर्थ मला या खुर्चीवर बसल्यावर उमगला. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांना आणि सोबत्यांना निवारा देते. त्या निवाऱ्याविना तेथील कित्येकांचे उपचार पुरे झाले नसते. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिचे कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव फिरले. रुग्ण येत नसेल तर आपण त्याच्या दारी जावे, ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच आहे.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. यंत्रावर नाव कोरता येते. बसच्या तिकिटावर कोरता येत नाही, हे मी जाणतो. तरीही यंदा आपल्या देणगीचा काही भाग कोणत्याही यंत्रासाठी राखून न ठेवता भाडे, मुक्काम आणि आहार यांसाठी खुला ठेवावा. त्याचा हिशेब स्वतंत्र वहीत राहील आणि ती वही कोणत्याही कामाच्या दिवशी आपणांस पाहता येईल. न आलेल्या रुग्णाच्या घरी तिसऱ्या दिवशी माणूस पाठविण्याचा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यासाठी एक कर्मचारी आणि एक मोटारसायकल लागेल.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर सिस्टर तापमापक आणि लाकडी आइस्क्रीमच्या काड्या घेऊन बसल्या आहेत. काड्या एकावर एक रचून जबड्याचा व्यायाम कसा करावयाचा, हे त्या प्रत्येकाला करून दाखवतील. ज्यांच्या घरी तोंडाचे उपचार चालू आहेत, त्यांनी चहाला जाण्यापूर्वी त्यांना भेटावे.