फ्यूज कोणाला वाचवतो?



फ्यूज उडाला की पुष्कळ घरांत जाडशी तांब्याची तार गुंडाळून मोकळे होतात. हा पराक्रम मीही एकदा केला आहे. भिंतीतली वायर तापून जळका वास सुटला, तेव्हा शहाणपण आले!

हिशेब सोपा आहे. व्होल्टला, म्हणजे विजेच्या दाबाला, ओहमने, म्हणजे अडथळ्याने, भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली हा नियम प्रसिद्ध केला. आपल्या घरी दाब २३० व्होल्ट. १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते. ५ अँपिअरचा फ्यूज ते सोसतो. त्याच मंडलावर २००० वॉटची शेगडी लावा. उपकरणे समांतर जोडलेली, म्हणून प्रवाहांची बेरीज होते: १३ अँपिअर! बारीक तार वितळते, वायरिंग वाचते.

माणूस मात्र वाचेलच असे नाही. ओल्या हाताने, अनवाणी उभ्या माणसाच्या शरीराचा अडथळा १००० ओहम धरा. भागाकार करा: पाव अँपिअरही भरत नाही. फ्यूज ढिम्म राहील, पण तेवढ्याने जीव जाऊ शकतो.

म्हणून अर्थिंग. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली, तर अर्थच्या तारेतून मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. प्लगाची जाड पिन याच तारेची. ती मोडून दोन छिद्रांत प्लग बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. उघड्या तारेला हात लागला तर अर्थिंगही पुरत नाही. तिथे गळती ओळखणारा स्विच हवा. तो ३० मिलिअँपिअर गळतीलाच, क्षणार्धात वीज तोडतो.