खुब्याचे दुखणे आणि विसाव्याचा हक्क



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मजूर चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी आम्हांला विषयाची मोकळीक दिली, म्हणून आज आम्ही खुब्याच्या दुखण्यावर बोलणार आहोत. हौसेने पळणाऱ्या माणसाचा खुबा का दुखतो, दुखू लागल्यास काय करावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, एवढाच विषय. शेवटी आमच्या नेहमीच्या गोष्टीवर आम्ही येऊच. पण ती विषयाला सोडून नाही, हे तोवर आपल्या ध्यानात आलेले असेल.

आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि डॉक्टर मित्रांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा हे वैद्याचे व्याख्यान नव्हे. पळणाऱ्या एका कार्यकर्त्याने जमविलेली माहिती आहे.

तलवाड्यात हा विषय परका वाटू नये. टेकडीवरच्या आपल्या देवीचे नावच मुळी त्वरिता! पहाटे रस्त्याला निघावे तो अंधारात पावले वाजत असतात. त्यांत भरतीची तयारी करणारी मुलेमुली असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, आणि काही सेकंदांवर घरची चूल अवलंबून असते. आपल्या जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई खेळांत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हापासून तर पोरांच्या पायांत वारे शिरले आहे. या तरुणांच्या मागून आमच्यासारखे पन्नाशीचे लोक पळतात. कोणाची साखर वाढलेली, कोणाचे पोट सुटलेले, कोणाला नुसतीच पहाटेची हवा हवी असते. या सगळ्यांना आज ना उद्या भेटणारे दुखणे म्हणजे खुब्याचे.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर, मध्ये वंगणासारखा द्रव, आणि भोवती बळकट स्नायू. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. पळताना तो पाच पटींच्या आसपास जातो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला तीनशे किलोंच्या जवळपास दाब पडतो म्हणा ना! एका किलोमीटरला हजारभर पावले पडतात. आपण पळतो म्हणजे किती हमाली करतो, त्याचा हा हिशेब.

पण हाड म्हणजे काही दगड नव्हे. जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली सिद्धान्त मांडला, की हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःची घडण बदलते. स्नायूंचे आणि कंडरांचेही तसेच. भार पडतो, थोडी झीज होते, विसाव्यात ती भरून निघते आणि अवयव पहिल्यापेक्षा बळकट होतो. मात्र बळकटी येते ती विसाव्याच्या वेळी. विसावा तोडला तर नुसती झीज उरते. खुब्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या हिशेबाच्या बिघाडात असते.

दुखते कोठे, हे आधी नीट पाहावे. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, जेथे हाताला हाड लागते तेथे, दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर बहुधा कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरा कुरकुरत असतात. पाऊल पडताना कंबर एका बाजूला कलू न देण्याचे काम या स्नायूंचे. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीवर बसणाऱ्याचे हे स्नायू दुबळे होतात आणि पळू लागताच त्यांच्यावर एकदम भार येतो. जांघेत खोलवर दुखत असेल तर खुद्द सांध्याकडे किंवा हाडाकडे लक्ष द्यावे. मागे कुल्ल्यात दुखून कळ पोटरीपर्यंत जात असेल तर मूळ पुष्कळदा पाठीच्या कण्यात असते, आणि खुबा बिचारा विनाकारण आरोपी ठरतो.

बाहेरच्या अंगाचे दुखणे सर्वांत सामान्य. त्यावर काय करावे? आमच्याकडे दोनच मार्ग सांगितले जातात. एक म्हणतो, ‘पळणे कायमचे सोडा.’ दुसरा म्हणतो, ‘इंजेक्शन घ्या आणि पळा.’ ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर केलेल्या एका पाहणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना व्यायाम आणि भार सांभाळण्याची समज दिली, काहींना स्टिरॉइडचे एक इंजेक्शन दिले, आणि उरलेल्यांना थांबून वाट पाहावयास सांगितले. आठ आठवड्यांनी व्यायामवाल्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोकांना चांगला गुण आला. इंजेक्शनवाल्यांत हे प्रमाण ५८ टक्के आणि नुसत्या थांबलेल्यांत २९ टक्के होते. वर्षानंतरही व्यायामवालेच पुढे होते.

त्या व्यायामांना पैसा लागत नाही. उताणे पडून, गुडघे मोडून, कंबर उचलावी आणि सावकाश खाली आणावी. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहावे आणि कंबर कलू देऊ नये. घराच्या पायरीवर एकेका पायाने सावकाश चढावे, उतरावे. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असेल तर माप कमी करावे. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. एका पायावर भार टाकून, कंबर काढून तासन्‌तास उभे राहू नये. पानाच्या ठेल्यापुढे आपण सगळे नेमके तसेच उभे राहतो!

आमचाही उजवा खुबा दोन वर्षांपूर्वी दुखू लागला. आम्ही पळण्याचे अंतर निम्मे केले, एक दिवस पळायचे आणि एक दिवस चालायचे असा क्रम धरला, आणि वरील व्यायाम रोज घरी केले. तीन महिन्यांनी दुखणे गेले. अंतर पुन्हा वाढविले ते आठवड्याला थोडे थोडे. सभांना आणि मोर्चांना तोटा नसलेल्या माणसाला हे साधले, तर आपणांलाही साधेल.

मात्र काही खुणा दिसल्या तर व्यायामाच्या भरीस न पडता डॉक्टरांकडे जावे. जांघेत खोल कळ येते, पाय टाकताच वाढते, माणूस लंगडू लागतो, रात्री दुखण्याने जाग येते, एका पायावर उडी मारवत नाही, या त्या खुणा. थोड्या दिवसांत पळणे एकदम वाढविणाऱ्या तरुणाच्या मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. दुर्लक्ष झाले तर हाड पुरते मोडते आणि भरतीबरोबर उभा जन्म पणाला लागतो. दुसरा धोका म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरणे. अति दारू आणि स्टिरॉइडची औषधे ही त्याची ठळक कारणे होत. गोळ्या खाऊन, लंगडत, भरतीच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांनी एवढे तरी घरी जाऊन सांगावे.

‘पण पळून पळून सांधा झिजणारच ना?’ असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. २०१७ साली अनेक पाहण्या एकत्र करून याचे उत्तर शोधले गेले. हौसेने पळणाऱ्यांत खुब्याची वा गुडघ्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली. बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि चढाओढीच्या शर्यतींत पळणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे सांधे आधीच दुखतात ते पळणे सोडून बैठ्यांत जमा होतात, हे जमेस धरले तरी बेताच्या पळण्याने खुबा बिघडतो ही भीती टिकत नाही. ज्याच्या हाती माप आहे आणि विसावाही आहे, त्याचा खुबा बहुधा सुखरूप राहतो.

आता, ज्याच्या हाती हे दोन्ही नाही त्याचे काय? १९९२ साली ब्रिटनमध्ये असे दिसून आले, की वर्षानुवर्षे शेतात राबणाऱ्यांत खुब्याच्या झिजेचे प्रमाण इतरांहून पुष्कळच अधिक असते. ओझी उचलणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानतात. २००५ साली त्या देशाने दहा वर्षे शेतीकाम केलेल्याच्या खुब्याची झीज हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. आपल्या १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली होती. तीत शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा होती, पण शेतमजुराच्या खुब्याचे नाव नव्हते.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन टोळ्या निघतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून गाडीत टाकायची. पहाटेपासून रात्रीपर्यंत, पाच-सहा महिने. खुबा दुखला म्हणून एक दिवस बसावे तर खाडा पडतो आणि उचलीच्या हिशेबातून पैसे कापले जातात. त्यांना ‘अंतर निम्मे करा’ असे कोणी सांगावे? ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या जिल्ह्यात अशा तेरा हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले तर हाडे अकाली ठिसूळ होतात. म्हणजे चार दिवसांचा विसावा नाकारल्याची किंमत उतारवयात पुन्हा खुब्यानेच भरावयाची!

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. विसावा हा शरीराचा हक्क आहे, हे त्यांना एक्स-रे आणि एमआरआय नसताना कळले होते. उसाच्या फडात तो रविवार अजून पोचावयाचा आहे. आठवड्याचा एक दिवस बिनखाड्याचा, मोळीच्या वजनाला मर्यादा, आणि फडाजवळ तपासणीची सोय, एवढी आमची मागणी आहे.

उद्या पहाटे आपण जरूर पळा. बेताने पळा, आणि दुखले तर थांबा. आपल्याला थांबता येते, हे आपले भाग्य आहे. ते भाग्य टोळीतल्या माणसाच्याही वाट्याला यावे यासाठी आपण आवाज द्याल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.